झाकणाच्या आतली चिठ्ठी

सदर भागात एका जिन्याखाली एका मोबाइल दुरुस्तीवाल्याचं टेबल आहे. आलेला फोन तो आधी तळहातावर जोखतो, चष्मा कपाळावर ढकलतो आणि घरच्या पोराची चौकशी करावी तसं विचारतो, "किती वर्साचा झाला?"

परवा मी वैतागूनच गेलो होतो. सहा वर्षं वापरलेला माझा फोन दुपारपर्यंतच मान टाकायचा. म्हटलं, "यातले फोटो तेवढे काढून द्या. नवाच घेतो आता."

"काहून?" तो दुखावल्यासारखा म्हणाला. "सहा वर्सं म्हंजे आत्ता कुठं कामाले लागला हा."

माझं पुढचं न ऐकता त्यानं फोनचं मागचं झाकण गरम करून अलगद उचकटलं. उघडताना तो फोनशीच बोलत असतो, "थांब गा, झालंच."

झाकणाच्या आतून एक चिठ्ठी चिकटवलेली होती. मागच्या वेळी बॅटरी बदलताना त्यानं स्वतःसाठीच लिहून ठेवलेली. ती त्यानं मोठ्यानं वाचली, "पुढची बॅटरी तीन वर्सानं. तवा हा भाऊ नवा घेतो म्हणन. आयकू नको."

खाली तारीख होती, तीन वर्षं आणि नऊ दिवसांपूर्वीची. मी इतका हसलो की जिना चढणारे दोघे थांबून वाकून बघायला लागले.

नवी बॅटरी बसवून त्यानं हाताआड नवी चिठ्ठी लिहिली आणि झाकण दाबून लावून टाकलं.

"आता काय लिहिलं?"

"तीन वर्सानं या, वाचून दाखवतो."