चिकट अँटीबॉडी आणि साहेबांचा फ्लेक्स

आमच्या गावी, पिशोरात, माझ्या मामेबहिणीला लाल विंचू चावला, तेव्हा तिला घोड्याच्या रक्तापासून केलेलं प्रतिविषाचं इंजेक्शन दिलं. विष उतरलं, पण घोड्याचं प्रथिन तिच्या अंगाला मानवलं नाही. गांध्या उठल्या, श्वास लागला. ती वाचली, आणि मी एकच ध्यास धरला: घोड्याशिवाय, फक्त विंचवाच्या विषाला पकडून निकामी करणारी अँटीबॉडी प्रयोगशाळेत घडवायची.

पुण्यात शिकून गावाजवळच्या शहरात परत आले आणि इथल्या एका संस्थेत लागले. आमच्या विभागप्रमुखांना सगळे साहेब म्हणत. साहेबांचा पांढरा कोट कायम इस्त्रीचा असे, कारण तो फक्त फोटोपुरता अंगावर चढे. पिपेट कोणत्या हातात धरायची, हेही त्यांना एव्हाना आठवत नसावं.

बऱ्याच फसलेल्या प्रयोगांनंतर एक अँटीबॉडी हाती आली. चाचणीच्या प्लेटच्या चिमुकल्या खळग्यांत विष होतं. अँटीबॉडी त्याला चिकटली की खळगा पिवळा होणार. झाला. साहेबांनी प्लेट पाहिली आणि तिथंच फोन लावायला सुरुवात केली.

मी मात्र दुसऱ्या खळग्यांत दूध पावडर घातली, काहींत अंड्याचं प्रथिन, काही कोरेच ठेवले, आणि सगळ्यांत तीच अँटीबॉडी सोडली. सगळे पिवळे! आमची अँटीबॉडी म्हणजे लग्नात दिसेल त्याच्या गळ्यात पडणारा पाहुणा निघाली.

"साहेब, ही विष ओळखत नाही. कशालाही चिकटते."

"मग कोरे खळगे दाखवायचेच कशाला?"

"ते दाखवल्याशिवाय प्रयोगाला अर्थ नाही."

"मॅडम, तुम्हाला शास्त्र येतं, दुनियादारी येत नाही."

त्याच आठवड्यात क्रांती चौकात फ्लेक्स लागला. 'विंचवाच्या विषावर विजय!' खाली साहेब. साहेब रसायनशास्त्रातले, पण फ्लेक्सवाल्यानं त्यांच्या गळ्यात स्टेथोस्कोप अडकवला होता आणि तो काढायला सांगावं असं साहेबांना वाटलं नव्हतं. शुभेच्छुकांच्या रांगेत प्रयोगशाळेचा उंबरठाही न ओलांडलेले चेहरे. माझं नाव कुठंच नव्हतं, तेवढी अब्रू राहिली.

आईचा फोन आला. "अगं, लोक इचारायलेत, औषध कवा मिळल?"

"अजून झालंच नाही, आई."

"मग त्या मानसानं फोटू कशाला लावला?"

याचं उत्तर होतं, पण आईसमोर बोलण्यासारखं नव्हतं.

पुढं एका औषध कंपनीची माणसं पाहणीला आली. साहेबांनी पडद्यावर फक्त विषाचे खळगे दाखवले आणि बराच वेळ देशसेवेवर बोलले. कंपनीच्या एका ज्येष्ठ बाईंनी शांतपणे विचारलं, "कोऱ्या खळग्यांचं काय?"

"ते मॅडम बघतात," साहेब म्हणाले.

मी उठून पूर्ण प्लेटचा फोटो लावला. टोकापासून टोकापर्यंत पिवळा. पाहुण्यांनी चहा घेतला, कचोरी खाल्ली आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मला प्रकल्पातून काढलं. कारण दिलं की माझ्यात संघभावना नाही. साहेबांना संस्थेच्या गुणवत्ता समितीचं अध्यक्षपद मिळालं. अशा माणसाला गुणवत्तेचा पहारेकरी नेमायला जी अक्कल लागते, ती आपल्याकडं मुबलक आहे.

मी राजीनामा दिला. चिकलठाण्याच्या एमआयडीसीत एका छोट्या कंपनीत जागा मिळाली. तिथं फ्लेक्स नव्हता आणि एसीही नव्हता. अँटीबॉडीचा चिकटपणा कोणत्या भागामुळं येतो ते शोधून मी तो भाग बदलत राहिले. कधी चिकटपणा जाई, पण विषावरची पकडही सुटे. शेवटी एका बदलानं जमलं: विषाचे खळगे पिवळे, बाकीचे पाण्यासारखे स्वच्छ. विष टोचून ही अँटीबॉडी दिलेले उंदीरही वाचले.

शोधनिबंध स्वीकारल्याची बातमी साहेबांपर्यंत पोचलीच. फोन आला.

"आपल्या अँटीबॉडीचं कळलं. अभिनंदन! निबंधात माझं नाव कितवं टाकताय?"

"तुमचं नाव नाही, साहेब."

"अहो, सुरुवात माझ्या विभागात झाली!"

"सुरुवातीची अँटीबॉडी तुमच्याकडंच आहे. फ्रीजमध्ये. तिच्यावर खुशाल लिहा."

त्यांनी फोन आपटला. पुढं आमच्याशी काही देणंघेणं नसलेल्या एका प्रयोगशाळेनं आमची नवी अँटीबॉडी तपासली. त्यांचेही उंदीर वाचले. मी आईला कळवलं, आता माणसांवरच्या चाचण्या. त्याला काही वर्षं जातील.

"लई येळ लावता बाई तुमी लोक," आई म्हणाली.