टाकीचं झाकण

गाडी चालू होत नाही असं म्हणत कुणी आमच्या गल्लीत आलं, की मिस्त्री आधी बॉनेटला हात लावत नसे. आधी टाकीचं झाकण काढायचा, वाकायचा, डोळे मिटून वास घ्यायचा. मग सांगायचा, "पाणी गेलंय यात." नाहीतर, "रॉकेल मिसळलंय, कुठे भरलंत?" नाहीतर, "चार महिने उभी होती ना?" गिऱ्हाईक तोंडाचा आ करून बघत राहायचं. विचारलं तर खरोखर चार महिनेच निघायचे, फार तर आठवडाभर इकडे-तिकडे.

मी त्याच्या समोर स्पेअर पार्टचं दुकान चालवतो, सव्वीस वर्षं झाली. गल्लीने त्याचं नाव 'नाक' ठेवलं होतं. लोक तोंडावर म्हणायचे आणि तो गडी खूश व्हायचा. मला मात्र त्याच्या त्या नाकाचा मनापासून राग यायचा. सांगून टाकतो, उगाच सभ्यपणाचा आव कशाला आणू? दुसरे मिस्त्री चार पार्ट बदलून बघतात, हा नुसता वास घेणार, एखादी तार घासणार आणि गाडी चालू करून देणार. असला माणूस समोर बसल्यावर माझ्या दुकानात येणार कोण? तरी रोज चारचा चहा आम्ही दोघं माझ्या काउंटरवरच प्यायचो. भांडायचो, टोमणे मारायचो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चहा.

त्याला प्रश्न विचारायची सवयच नव्हती. गाडी किती दिवस बंद होती, पेट्रोल कधी भरलं, हे बाकीचे मिस्त्री आधी विचारतात. हा म्हणायचा, "गिऱ्हाईक खोटं बोलतं रे, पेट्रोल नाही बोलत." आणि एकदा त्याने पेट्रोल ठीक आहे म्हटलं, की गल्लीत दुसरा कुणी पेट्रोलचं नाव काढत नसे. कारागीर असो की मी, आमची नाकं त्या दिवशी सुट्टीवर.

मागच्या थंडीत त्याला ताप आला. दोन आठवडे गॅरेज बंद राहिलं. परत आला तेव्हा गालफडं बसली होती, बाकी माणूस तोच. निदान मला तरी तोच वाटला. एकदा चहाचं दूध नासलेलं होतं. मी पहिल्याच घोटाला थू थू करत ग्लास आपटला, तर याचा ग्लास रिकामा!

"अरे, तू प्यायलास?" मी म्हणालो.

"तुझ्याकडचा चहा असाच असतो," तो म्हणाला.

मी हसलो. कपाळ माझं! तेव्हाच कळायला हवं होतं.

त्यानंतर महिन्याभराने एका सोमवारी सकाळी टेम्पोच्या मागे दोरीने बांधून एक निळी गाडी आली. तीस वर्षांची असेल. पलीकडच्या रस्त्यावर घड्याळं दुरुस्त करणारे काका आहेत, त्यांची. त्यांची म्हणजे खरं तर काकूंची. चालवायच्या त्याच. काका शेजारी पिशवी मांडीवर घेऊन बसायचे आणि "हळू, अगं हळू" करत राहायचे. यावरून आम्ही त्यांना किती छळलं असेल! त्यांनी कधी मनावर घेतलं नाही.

काकू आजारी आहेत हे ऐकून होतो. इतक्या आजारी आहेत हे माहीत नव्हतं. काका गॅरेजच्या दारात उभे राहून स्वतःच्या मनगटावरच्या घड्याळाची किल्ली फिरवत बोलले. डॉक्टरांनी हात टेकले होते. शुक्रवारी अकरा वाजता घरी न्या म्हणाले, जे काही दिवस असतील ते घरीच.

"तिचं एकच म्हणणं आहे," काका म्हणाले. "अँब्युलन्स नको. माझ्या गाडीतून ने आणि पुढच्या सीटवर बसव. आडवी होऊन मी माझ्या घरात शिरणार नाही, म्हणते."

"शुक्रवारी दहाला गाडी हॉस्पिटलच्या दारात," मिस्त्री म्हणाला. "मी स्वतः चालवत आणतो. शब्द दिला, काका."

मग त्याने टाकीचं झाकण काढलं. वाकला. त्या दिवशी जरा जास्तच वेळ वाकून राहिला.

"पेट्रोल ठीक आहे," तो म्हणाला.

"टाकी भरलेलीच आहे," काका म्हणाले. "ती कधी अर्ध्याखाली येऊच देत नाही."

कधी भरली, हे कुणीच विचारलं नाही. मिस्त्रीला वाटलं असेल, परवाच भरली असणार. मलाही तसंच वाटलं.

त्याने गॅरेजमधली बॅटरी जोडून किल्ली फिरवली. इंजिन छान फिरत होतं, गरगर गरगर, पण पेट घेईना. असं घोडं अडलं की दोनच गोष्टी बघायच्या, हे गल्लीतलं शेंबडं पोरही सांगेल. ठिणगी पडते का, आणि पेट्रोल पोचतं का. त्याने प्लग काढून इंजिनाला टेकवला आणि मला किल्ली फिरवायला लावली. निळी, टचटचीत ठिणगी पडली. दुसरा प्लग काढला तर तो ओला. म्हणजे ठिणगी आहे, पेट्रोलही आहे. मग पेटत का नाही, बाई?

"ठिणगी बाहेर दिसते, आत दबावाखाली मरत असेल," तो म्हणाला. "कॉइल दे."

मी कॉइल दिली. बसवली. गरगर गरगर. संध्याकाळी ठिणगीचेच आणखी दोन पार्ट, पॉइंट आणि कंडेन्सर, नेले. गरगर गरगर.

मंगळवारी दुपारी तो एक रबरी पाइप घेऊन आला, मापाचा दुसरा हवा म्हणून. टाकीकडून कार्बोरेटरकडे जाणारा पाइप. मी तो काउंटरवर धरला आणि माझ्या नाकात वास शिरला. आंबूस, उग्र, जुन्या वार्निशच्या डब्यासारखा. पेट्रोलचा असा वास नसतो. सव्वीस वर्षं याच गल्लीत गेलीत माझी, एवढं मलाही कळतं.

माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. पण त्याने सांगितलं होतं ना, पेट्रोल ठीक आहे. त्याच्या नाकापुढे आपण कोण? रबर जुनं झालं की येत असेल असा वास, अशी मी स्वतःची समजूत काढली. आणि आणखी एक होतं, तेही सांगतो. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा हा माणूस माझ्यापुढे उभा राहून हे दे, ते दे करत होता. त्याच्या कपाळावर घाम होता. मला बरं वाटत होतं. आज बरा सापडला, असं वाटत होतं. मी पाइप मापून दिला आणि वर म्हणालो, "का रे, आज नाकाला सुट्टी का?"

तो हसला नाही. पाइप घेऊन गेला.

बुधवारी त्याने फ्युएल पंप बदलला, टायमिंग तपासलं, इंजिनाचा दाब मोजला. सगळं जिथल्या तिथे. कार्बोरेटरच्या तोंडात थेट पेट्रोल ओतून पाहिलं. दुसरा कुणी असता तर बाहेरच्या डब्यातलं ओतलं असतं. याची पद्धत अशी की गाडीचाच पाइप काढायचा, गाडीचंच पेट्रोल बाटलीत घ्यायचं आणि तेच ओतायचं. कशाला दुसरं आणा, पेट्रोल तर मी पाहिलेलं असतं, असं म्हणायचा. गरगर गरगर. बॅटरी दमली, ती चार्जिंगला लावली. चारचा चहा घ्यायला तो आलाच नाही.

गुरुवारी काका दोनदा येऊन गेले. काकूंनी घरून निळी साडी मागवली होती, गाडीच्या रंगाची. हे सांगताना काका हसायला गेले आणि त्यांना जमलं नाही. मिस्त्री गाडीखाली झोपला होता, तिथूनच म्हणाला, "होईल काका, होईल." ह्या माणसाला काही सुचत नाही, हे आवाजातच कळत होतं.

शुक्रवारी तो सहालाच गॅरेजमध्ये येऊन बसला होता. साडेदहाला काकांचा फोन आला. आवाज माझ्या काउंटरपर्यंत येत होता. खाट दुसऱ्या पेशंटला द्यायची आहे, ते थांबायला तयार नाहीत, अँब्युलन्स बोलावू का, असं विचारत होते.

"अर्धा तास," मिस्त्री म्हणाला. "काका, पाया पडतो, अर्धा तास थांबा."

अर्ध्या तासात काय करणार होता, देव जाणे.

तेवढ्यात वहिनी आल्या, मिस्त्रीची बायको. तो न खाताच निघाला म्हणून डबा घेऊन आल्या होत्या. गॅरेजकडे न जाता माझ्याच पायऱ्या चढल्या.

"भाऊजी, तुम्ही तरी विचारा ह्यांना," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "घरात दूध करपतं, धूर डोळ्यात जातो तेव्हा ह्यांना कळतं. परवा गॅस तसाच चालू राहिला होता आणि हे शेजारी पेपर वाचत बसलेले. तापापासून ह्यांना वास येत नाही. मला शपथ घातलीय, कुणाला सांगायचं नाही म्हणून. तुमच्याशिवाय कोणापाशी बोलू?"

मला कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. तो पाइप, तो वार्निशचा वास, काकूंची निळी साडी, सगळं एकदम अंगावर आलं. मी दुकानातला पेट्रोलचा रिकामा डबा उचलला आणि पेट्रोल पंपावर पळालो. तिथे ही रांग! पुढे घुसलो, शिव्या खाल्ल्या, पाच लिटर घेऊन धापा टाकत परत आलो तेव्हा पावणेबारा झाले होते.

डबा त्याच्यापुढे ठेवला. त्याने डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पलीकडे उभ्या असलेल्या बायकोकडे. त्यालाही सगळं कळलं. त्याने कार्बोरेटर रिकामा केला, पाइप टाकीपासून तोडून डब्यात सोडला, प्लग पुसून बसवले. किल्ली फिरवली. दोनदा गरगरली आणि तिसऱ्यांदा इंजिन पेटलं. काय सुरेख आवाज होता! मला रडू फुटलं.

तशीच गाडी आम्ही दोघांनी हॉस्पिटलला नेली. हॉस्पिटलमध्ये कळलं, काकूंना अकरा वाजून वीस मिनिटांनी अँब्युलन्समधून नेलं. मग काकांच्या घरी गेलो. काका फाटकाशीच उभे होते. त्यांनी गाडीच्या बॉनेटवर हात ठेवला, तापलेलं होतं तरी ठेवला.

"झाली का चालू?" ते म्हणाले. "काय होतं हो?"

"पेट्रोल शिळं झालं होतं."

"असेल. दीड वर्ष झालं, शेवटची तिनेच भरली होती. मी बसनेच जायचो. एकट्याने चालवायची भीती वाटते मला." मग त्यांनी मान वर केली. "पण तुम्ही तर वास घेतला होतात, मिस्त्री."

मी मनात म्हटलं, सांग काहीतरी, आजारपणात चूक झाली म्हण, सटकला अंदाज म्हण. पण तो सरळ उभा राहिला.

"मला वास येत नाही, काका. तापापासून. मी नुसतं वाकायचं नाटक केलं. तुम्ही म्हणालात टाकी भरलेली आहे, मी धरून चाललो."

काका ओरडले असते तर बरं झालं असतं. ते घड्याळाची किल्ली फिरवत राहिले.

"सोमवारी बोलला असतात," ते म्हणाले, "तर मी दुसऱ्या कुणाला दाखवली असती." मग म्हणाले, "अकरा वाजून गेले तरी ती साडी नेसून खाटेवर बसून होती. पाठीला तीन उशा लावल्या होत्या. दोन माणसांनी उचलून स्ट्रेचरवर घातली तेव्हा म्हणाली, शेवटी आडवीच. त्यानंतर बोललेली नाही."

मिस्त्री गाडी बंद करायला वळला.

"राहू द्या चालू," काका म्हणाले. "खिडकी उघडी आहे. तिला आवाज ओळखता येतो."

आम्ही तिघं फाटकाशी उभे राहिलो. डब्यातलं पेट्रोल संपेपर्यंत गाडी चालू होती. आतून कुणी काही म्हणालं नाही.

रविवारी काकू गेल्या. मिस्त्रीने गॅरेज बंद केलं, पाटी उतरवली. आता तो एका गोदामावर वॉचमन आहे. कुणीही विचारलं तरी सांगतो, माझ्यामुळे त्या बाईंची शेवटची इच्छा राहिली, मी वास येत नाही हे लपवलं. गल्लीसुद्धा तेच म्हणते. मी ते ऐकतो, मान हलवतो आणि काउंटर पुसत बसतो. मला मंगळवारी वास आला होता, हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही.