मधे आलेली मेंढी

परवा शिरूरच्या डॉक्टरांनी आप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, मेंदूचा फोटो उजेडात धरला. जुना मार आहे, म्हणाले, अशा माराने माणसाचा रागावरचा ताबाच जातो. माझ्या मांडीवर आप्पांची घोंगडी होती. तिच्या लोकरीचा उग्र वास नाकात शिरला आणि मी वडगावच्या आमच्या अंगणात जाऊन पोचले.

आप्पा मोटरसायकलवरून डोक्यावर पडले, त्याला तेव्हा वर्ष होत आलं होतं. त्याआधी त्यांनी कधी आवाज चढवला नव्हता. त्या सकाळी मात्र चहा पांचट झाला म्हणून त्यांनी आईचं डोकं भिंतीवर आपटलं. आजोबांनी, आमच्या आबांनी, चुलत्याला हाताशी घेऊन पोटच्या पोराला बाभळीला बांधलं आणि काठी उचलली.

"माजलाय त्यो," आबा म्हणाले.

काठी पाठीवर, खांद्यावर, तोंडावर बसत होती. आप्पा रक्त थुंकत शिव्या देत होते.

तेवढ्यात एक मेंढी मधे आली. आठवडाभर ती एकाच अंगाला गोल फिरत होती, भिंतीला धडकत होती. चुलत्याने तिच्यावर लाथ उगारली.

"मारू नगं तिला," आबा म्हणाले. "टकुऱ्यात फोड झालाय तिच्या. तिला काय कळतंय?"

काठी तशीच वर धरून त्यांनी दुसऱ्या हाताने तिला हळूच बाजूला केलं. ती फिरत फिरत लांब गेली. मग काठी पुन्हा खाली आली.

आप्पांच्या कपाळावर त्या अपघातातल्या टाक्यांचा लांब व्रण होता. तो आम्हाला सगळ्यांना रोज दिसत होता.