वहिनींचे पिवळे तळहात

नंदनवन वस्तीतल्या आमच्या शेजारच्या वहिनी हिवाळाभर गाजरं खात. धुणं वाळत घालतानाही एक गाजर पदरात असेच. "घ्या जी भाऊजी, उमरेडहून भावानं पाठवले," म्हणत त्या अर्धं मोडून माझ्या हातावर ठेवत. पूर्वी त्यांना दिवेलागणीनंतर दिसत नसे. डॉक्टरांनी गाजर-पपई खायला सांगितली, दृष्टी परतली, आणि तेव्हापासून ही निष्ठा जडली.

एका वर्षी त्यांचे तळहात पिवळे झाले. माझ्या नातीच्या बारशाला त्या म्हणाल्या, "द्या जी पोरीले माह्या मांडीवर." मी सर्वांदेखत म्हणालो, "वहिनी, आधी कावीळ उतरवून घ्या."

त्यांनी हात पदराखाली घेतले. "उतरवली जी दोनदा. चुन्याच्या पाण्यात हात धुतले तं पाणी पिवळं झालं, हात काही पांढरे नाही झाले." त्या एकट्याच हसल्या.

पाहुण्यांतल्या एका डॉक्टरांनी त्यांचे डोळे तपासले. "डोळे पांढरेशुभ्र आहेत. ही कावीळ नव्हे, गाजराचा रंग कातडीत साठलाय. याच रंगापासून शरीर दृष्टीला लागणारं जीवनसत्त्व बनवतं."

मी त्या तळहातांकडे पाहतच राहिलो. जमिनीत पिकलेला रंग रक्तातून वाहत येतो, डोळ्यांना उजेड देतो आणि उरलेला तळहातावर विसावतो! एवढं मोठं आश्चर्य मला रोग वाटलं होतं. मी नातीला उचलून त्यांच्या मांडीवर ठेवलं.

"वहिनी, माझं चुकलं. चारचौघांत बोललो, म्हणून चारचौघांतच तुमची माफी मागतो."