दाढ काढायची तीनशे, ठेवायची आठ हजार

प्राजक्ताने सकाळची पेज तशीच ठेवली आणि डाव्या गालाला ओढणी गुंडाळून ती पायऱ्या उतरायला लागली, तेव्हा देवकीने तिला हटकलं.

"खंय चललंस?"

"डिचोलीला, मावशे. दाढ काढून टाकते."

"हलता ती?"

"नाही."

"मगे काढतंस कित्याक?"

"काढायची तीनशे आणि ठेवायची आठ हजार. म्हणून."

एकोणीस वर्षांची पोर. वडील, अनंत, खाणीवर टिपर चालवतात आणि टिपर जितके दिवस उभा, तितके दिवस पगारही उभा. गाव दोडामार्गकडे, रोजचं येणं-जाणं परवडेना म्हणून पाळी गावात देवकीच्या मागच्या खोलीत राहून ती डिचोलीला बी.कॉम. करत होती. आठ दिवस गोळ्या खाऊन काढले होते तिने. दवाखान्यात विचारून आली, तर रूट कॅनल साडेचार हजार, वर टोपी साडेतीन, निम्मे आधी भरायचे. परीक्षेचा फॉर्म आणि बसचा पास काढून तिच्याकडे उरले होते हजार. कॉलेजने सगळ्या मुलांचा विमा उतरवलेला, पण त्यात दात बसत नव्हते. विमावाल्यांच्या हिशेबी विद्यार्थ्याचं शरीर ओठापाशी संपत असावं. शिष्यवृत्तीचा अर्ज गणपतीच्या चवथीपासून कुठल्याशा टेबलावर आराम करत होता.

देवकी अठ्ठावन्न वर्षांची. तिच्या तोंडात स्वतःचा एकही दात नाही, आणि यात नशिबाचा काही संबंध नाही. पंचायतीच्या सभागृहात दातांची शिबिरं व्हायची. फलक, हार, पाहुण्यांचं भाषण, प्रत्येकाला पेस्टची एक नळी. दात काढणं फुकट. "हा वाचेल का?" असं एकदा तिने विचारलं, तर उत्तर मिळालं, "बाई, ते इथे होत नाही." त्या उत्तरावर तिचे अकरा दात गेले, बाकीचे त्यांच्यामागून गेले. गरिबाचा दात दुखला की काढायचा आणि पैसेवाल्याचा दुखला की वाचवायचा, हा नियम कुठल्या पुस्तकात लिहिलाय कोण जाणे. पाळतात मात्र सगळे, अगदी धर्माने.

"थांब," देवकी म्हणाली. "मीय येतंय."

डिचोलीतला दवाखाना होता देवकीच्या शेजारच्याच घरातल्या देवेशचा. आता डॉक्टर देवेश. काचेचं दार, गार खोली. दहा वर्षांपूर्वी तो घाटावरच्या खासगी कॉलेजात दातांचं शिकत होता. तिथे शेवटच्या वर्षाला ठरलेल्या संख्येने रुग्ण दाखवावे लागतात: इतके दात काढलेले, इतके भरलेले, आणि पूर्ण कवळीसाठी एक अख्खं बोळकं. बोळकं काही रस्त्यावर पडलेलं नसतं. पोरं आपल्या गावात घरोघर फिरून माणसं शोधतात, गाडीभाडं देऊन नेतात. देवेशची आई देवकीच्या ओट्यावर येऊन रडली होती. देवकी सहा वेळा चोर्ल्याचा घाट चढली, सहाही वेळा तिला ओकारी झाली, आणि परीक्षकांसमोर दोन तास ती आ वासून बसली. कवळी मात्र बरी झाली होती, त्याबद्दल तिची तक्रार नव्हती.

काउंटरवर सोनाली होती. "अपॉइंटमेंट आहे?"

"दुखता ता अपॉइंटमेंट घेवन दुखता काय गो?"

बाकावर बसलेल्या दोघांनी हसू दाबलं. सोनालीने प्राजक्ताकडे बघितलं. "काढायची ना? तीनशे. लगेच होईल. ठेवायची तर अर्धे आगाऊ, मी सांगितलंय हिला."

आवाज ऐकून देवेश बाहेर आला. "मावशी? तू कशी? या मुलीला तू आणलंस होय? मग तीनशेही नको, मी फुकट काढतो."

झालं. फुकट हा शब्द ऐकला आणि देवकीचा आवाज चढला.

"मी फुकट मागूक येवक नाय. तिची दाढ बघ आधी. वाचता?"

त्याने प्राजक्ताला खुर्चीत बसवून बघितलं, एक्स-रे काढला. "वाचेल. मुळं चांगली आहेत. आत पू झालाय."

"आज उघडून पू काढलंस तर दुखूचा थांबता?"

"थांबतं."

"त्याचे किती?"

"सहाशे."

"आणि बाकीचे?"

"तीन बैठका, थोडे थोडे करून... घेता येतात."

"मगे ह्या पोरीक ता सांगलंस कित्याक नाय?"

देवेशने हातमोजा ओढून नीट केला. "मावशी, खरं सांगू? लोक पहिल्या बैठकीला येतात, दुखणं थांबतं, पुन्हा फिरकत नाहीत. अर्धी उघडलेली दाढ कुजते आणि नाव माझं खराब होतं. म्हणून आगाऊ घेतो."

"माका सहा वेळा न्हेलंस. एकदा तरी चुकलंय? तेव्हा तुका माझ्याकडसून आगाऊ काय होया होता?"

त्याने इंजेक्शन भरलं.

अर्ध्या तासाने प्राजक्ता बाहेर आली ती ओठ बधिर, डोळे ओले आणि आठ दिवसांत पहिल्यांदा खांदे सैल. सोनालीने सहाशे घेऊन कार्डावर पुढचे तीन गुरुवार लिहून दिले.

पहिला गुरुवार आला. प्राजक्ता पुस्तक घेऊन बसलेली.

"जाऊचा नाय?"

"आता दुखत नाही गो, मावशे. चारशेच उरलेत. पुढच्या महिन्यात जाईन."

देवकीने हातातली पळी खाली ठेवली. डॉक्टरवर आला नव्हता इतका राग तिला आता आला. "माझे दात असेच गेले. दुखूचा थांबला की मी घरात बसलंय. शिबिरवाल्यांनी अकरा काढले, बाकीचे ह्या बसण्यान गेले. ऊठ."

"पण पैसे..."

"किती आसत ता त्यांका सांग. मी तोंड उघडूचंय नाय. दाढ तुझी."

दवाखान्यात देवकी खरोखरच कोपऱ्यातल्या खुर्चीवर गप्प बसली. तिला ते फार जड गेलं. प्राजक्ता काउंटरपाशी दोनदा घसा खाकरून उभी राहिली.

"चारशे आहेत. दोनशे पुढच्या गुरुवारी देते, बाकीचे थोडे थोडे करून. पण काम आजच करा."

सोनालीने मान वर न करता लिहून घेतलं. "बस. तिसरा नंबर."

शेजारी मळक्या शर्टातला एक माणूस सुजलेला गाल धरून बसला होता. हातात दाढ काढायची चिठ्ठी. त्याने हळूच देवकीकडे वाकून विचारलं, "मावशी, असं सांगितलं तर चालतं?"

"चालता," देवकी म्हणाली, सोनालीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. "पण ता तुका आपणहून कोण सांगूचो नाय. जा, विचार."