दोन चतुर्थ्या

आज जेवण अंमळ जास्तच झालंय. ओटीवरच्या आरामखुर्चीत मी पाय पसरतो. आतून शैला ओरडते, "अहो, जेवल्या जेवल्या आडवे होऊ नका!" मी म्हणतो, "कोण झोपतंय? पेपर वाचतोय." पेपर नाकावर आहे. शाईचा वास येतोय, आणि त्या वासात हळूहळू खाडीच्या चिखलाचा वास मिसळायला लागतो. झालं, मी मनात म्हणतो, आता हा येणार.

आणि येशा येतोच. यशवंत घरत, माझा चाळीस वर्षांचा दोस्त. जाऊन अकरा महिने झाले, तरी बांधावर उकिडवा बसलाय आणि गळाला कोळंबी लावतोय. आम्ही काही पोटासाठी मासे धरणारे नव्हे. तो एसटीत ड्रायव्हर, मी शाळेत गणिताचा मास्तर. रविवार आला की दोघं जिताड्याच्या मागे. घरी बायका शिव्या घालायच्या, पण जिताडा आणला की आधी त्याच चवीने खायच्या.

मी मात्र बांधावर नाही. खाली चिखलात उभा आहे, गुडघ्यापर्यंत रुतून.

"काय मास्तर, अडकलास?"

"बघत काय बसलास, हात दे की गाढवा!"

"देतो ना. आधी सांग, भरती कधी?"

चाळीस वर्षं हाच एक प्रश्न. आमच्याकडे तिथीची पाऊणपट करतात, येईल तेवढ्या वाजता भरती पूर्ण. चतुर्थीला तीन, पंचमीला पावणेचार. एवढं सोपं, पण येशा कधी बोटं मोजायचा नाही. म्हणायचा, गणित तुझं, गाडी माझी. मी सोबत नसलो की फोनवर वेळ सांगायचो आणि तो ओहोटीत खाडीचा पट्टा चालत ओलांडून मधल्या रेतीच्या बेटावर जायचा. परत येताना मधे पाणी भरायच्या आत यायचं, की झालं.

"आज पंचमी," मी म्हणतो. "पावणेचारला भरती. साडेबारापर्यंत बिनघोर बस."

चिखल मांड्यांपर्यंत येतो.

"नक्की?"

"तीस वर्षं पोरांना पाढे शिकवले मी. तू मला विचारतोस नक्की?"

मी पाय उपसायला जातो आणि हाताला फळा लागतो. सातवीचा वर्ग आहे, माझाच. बाकं रिकामी, फक्त मागच्या बाकावर येशा, गळाचा रॉड मांडीवर आडवा घेऊन. टेबल चिखलात तिरकं झालंय. मी खडूने लिहितो, पाच गुणिले पाऊण. पुसतो. परत लिहितो. खडू ओला होऊन हातातच विरघळतो.

"तारीख बघितलीस का कॅलेंडरात?" तो मागून विचारतो.

"बघायची काय गरज? अमावास्येपासून मोजले पाच दिवस."

"बरं," तो म्हणतो.

खिडकीतून पाणी आत यायला लागतं. मी दाराकडे वळतो तर दार येशाच्या घरात उघडतं. बारावा-तेरावा दिवस असावा. सतरंजीवर माणसं बसली आहेत, चहाचा ट्रे फिरतोय, आणि मी त्यांच्या मधोमध फरशीत कमरेपर्यंत गाडलेला. कुणाला काही वाटत नाही. एक बाई माझ्या डोक्यावरून कप पलीकडे देते.

भिंतीशी कुंदावहिनी बसली आहे, येशाची बायको. डोळे कोरडे ठणठणीत. ती फोटोकडे बघून म्हणते, "मिळाला ना जिताडा? खा आता."

आणि माझं तोंड बोलतं. मी आवरतो, पण ते बोलतंच. "मी सांगितलं होतं त्याला, वहिनी, लवकर नीघ म्हणून. मासा लागला असणार, थांबला."

फरशी छातीशी येते. श्वास अर्धाच जातो.

येशा माझ्यासमोर येऊन बसतो, अंगावरून पाणी निथळतंय. रागावलेला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं.

"मास्तर, ती माझ्याशी बोलत नाही रे," तो म्हणतो. "दिवा लावते आणि तोंड फिरवते. तिला वाटतं, मी तिच्यापेक्षा माशाला धरून बसलो."

"तिला कळून आता काय उपयोग?"

"तू सांग."

"गावात तोंड दाखवता येईल का मला?"

"भरती कधी होती, नंद्या?"

चिखल हनुवटीला टेकतो. तोंडात खारट चव येते. आता तोंड उघडलं नाही तर परत उघडता येणार नाही, एवढं मला कळतं.

"तीनला!" मी ओरडतो. "त्या पंधरवड्यात दोन चतुर्थ्या होत्या रे येशा, पाचवा दिवसही चतुर्थीचाच. मी कॅलेंडर बघितलंच नाही, बोटं मोजली. पाऊण तास चुकलो. तू थांबला नव्हतास. तुझी पिशवी रिकामी होती, रॉड बांधून पाठीला लावलेला होता, तू वेळेवर निघालेला होतास. तिवरांच्या झाडीत तू सापडलास तेव्हा मीच पुढे होतो. तो रॉड मी पाठीवरून सोडवला आणि चिखलात दाबला. कुणी बघायच्या आत."

येशा माझं मनगट धरतो. हात इतका घट्ट की हाड कळवळतं. ओढत मात्र नाही, नुसता धरून बसतो.

"सोड," मी म्हणतो. "दुखतंय."

जाग येते. पेपर खाली पडलाय आणि शैला दारात उभी आहे, डोळे रडून लाल झालेले.

"कुंदाताई आल्या होत्या," ती म्हणते. "वर्षश्राद्धाचं सांगायला."

"कधी?"

"आत्ता गेल्या. तुम्ही बरळत होतात. मी उठवायला लागले तर म्हणाल्या, नको, बोलू देत. इथे खुर्चीशी बसून राहिल्या, तुमचा हात धरून."

"सगळं ऐकलं?"

"रॉडचंसुद्धा."

"काय म्हणाल्या?"

शैला पदराने नाक पुसते. "म्हणाल्या, म्हणजे हे घरी यायला निघाले होते. आणि रडल्या हो. अकरा महिन्यांत पहिल्यांदा बघितलं मी त्यांना रडताना."

"आणि मला काय म्हणाल्या?"

"तुम्हाला काही नाही."

ती आत जाते. मी हात उजेडात धरतो. मनगटावर चार बोटं लाल उमटली आहेत, आणि आतल्या बाजूला, जिथे अंगठ्याचं नख रुतलंय, तिथे रक्त आलंय.