सांध्यावरचा फेस

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, आणि गाडी घेणाराही मीच. गाडी चौदा वर्षं जुनी. एसी लावला की गरम वारा. आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन वापीला ठरलं, तेव्हा डॉक्टरांनी बजावलं, घरी नेताना काचा बंद ठेवा, डोळ्यात धूळ जाता कामा नये. म्हणून मी एसीच्या गॅसचा डबा आणि दाब दाखवणाऱ्या काट्याची नळी ऑनलाइन मागवली.

रानशेतला घरच्या अंगणातच बॉनेट उघडलं. बाबा शेजारी उभा. त्याची सगळी उमर डहाणूच्या बर्फाच्या कारखान्यात, गॅसच्या नळ्या सांभाळण्यात गेलेली.

"पहिला साबणाचा फेस लाव सांध्यांना," तो म्हणाला. "गॅस गेला म्हणजे कुठून तरी गेलाच असेल ना?"

"बाबा, मी बी.एस्सी. आहे. तुझ्या कारखान्यातलं इथं नाय चालत. तुला नाय कळायचं."

"बरं, साहेब," म्हणून तो हसला.

इंजिन चालू ठेवून गॅस भरला. काटा हिरव्या पट्ट्यात आला. एसीच्या जाळीतून गार वारा सुटला, तसा मी बाबाचा हात धरून जाळीसमोर नेला. "बघ!"

दोन दिवसांनी वापीला जाताना वारा कोमट लागला. मी गुपचूप पंखा वाढवला. ऑपरेशन करून येताना अच्छाडच्या नाक्यावर ट्रकांच्या रांगेत अडकलो, तेव्हा आत नुसती भट्टी. आईचा घाम डोळ्यावरच्या पट्टीत उतरायला लागला. शेवटी काचा खाली केल्या. धूर, धूळ, सगळं आत. बाबानं आपला टॉवेल तिच्या डोळ्यासमोर आडवा धरला.

"राहू दे, बरं वाटतंय मला," आई म्हणाली.

तळासरी मागे पडली तरी बाबाचा हात खाली आला नाही.

घरी आल्यावर त्यानं वाटीत साबण खळबळून सांध्यांना लावला. कॉम्प्रेसरजवळच्या एका सांध्यावर बुडबुडे धरले. वाटी तिथंच ठेवून तो आत गेला. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

चौथ्या दिवशी आईचा डोळा लालभडक. परत वापी, या वेळी एसटीनं. शिकलेला म्हणून डॉक्टर माझ्याशीच इंग्रजीत बोलले: एवढं सांगूनही धूळ गेलीच कशी?

बाहेर आल्यावर बाबानं विचारलं, "काय बोलला डॉक्टर?"

"औषध बदललंय," मी म्हणालो. "बाकीचं तुला नाय कळायचं."